थ्रॉटल बॉडीची सफाई : आधीं पंचनामा, मग हुकूम

शेतकी मासिकांत मोटारीच्या दुरुस्तीवर लेख यावा, हें कांहीं वाचकांस विजोड वाटेल. कापसावरील बोंडअळी, सोयाबीनचा भाव व तुरीवरील मर हे विषय समोर असतांना मोटारीच्या नळींतील काजळीची चर्चा कशासाठीं, असा प्रश्न कोणी केल्यास तो अगदींच गैर म्हणतां येणार नाहीं. परंतु आपल्या भागांतील वस्तुस्थिति पाहावी. राणीसावरगांवाहून गंगाखेडच्या बाजारांत जाणें, मुलास परीक्षेसाठीं परभणीस पोंचविणें, बियाणें व औषधें आणणें, रात्रीं-अपरात्रीं आजारी माणसास दवाखान्यांत नेणें, हीं सर्व कामें आतां दारांतल्या मोटारीवर पडतात. पुष्कळ घरीं ही मोटार चैनीची वस्तु राहिली नसून औत-अवजारांइतकीच गरजेची झाली आहे. जें अवजार आपल्या दारीं उभें आहे, त्याची निगा कशी राखावी, हा शेतीच्या संसारांतीलच प्रश्न होय. सबब हा लेख.

मी यंत्रशास्त्र शिकलेला नाहीं. माझी उमर महसूल खात्यांतील दप्तरांत गेली. तेव्हां या विषयावर लिहिण्याचा माझा अधिकार एवढाच कीं, मीं स्वतः एक चूक केली आणि ती महाग पडली. ती आधीं सांगतों.

गेल्या वर्षीं मृगाच्या आधींची गोष्ट. माझ्या चुलत बंधूंकडे नऊ-दहा वर्षांची एक पेट्रोलवर चालणारी मोटार होती. रस्त्यावर धांवतांना ती सुरळीत चाले. पण रेल्वेच्या फाटकाशीं किंवा बाजाराच्या गर्दींत थांबली कीं थरथरूं लागे, फेऱ्यांचा कांटा खालीं-वर होई, आणि ए. सी.चें बटण दाबतांच एखादे वेळीं बंदच पडे. शहरांतील एका गॅरेजवाल्यानें कांहींएक न उघडतां ‘सबंध थ्रॉटल बॉडी बदला’ असा सल्ला दिला. त्यानें जो आंकडा सांगितला तो ऐकून बंधूंनीं गाडी तशीच परत आणिली; कारण तेवढ्या पैशांत त्यांचें खरिपाचें बियाणें येत होतें.

तेथें मीं आपलें शहाणपण चालविलें. ओळखीच्या एका जुन्या मिस्त्रीस मी बोलावून आणलें. त्यांचा सगळा हात जुन्या गाड्यांच्या कार्बोरेटरवर बसलेला. त्यांनीं हवेची नळी काढली, चावी चालूच ठेविली, आणि आंतली चकती उघडी राहावी म्हणून तींत पेचकस घातला. चकती आपण होऊन मिटूं पाहत होती, म्हणून त्यांनीं आणखी जोर केला. आंत कट्‌ असा बारीक आवाज झाला. टॉर्च मीच धरली होती, आणि ‘दाबा, कांहीं होत नाहीं’ असेंहि मीच म्हणालों होतों.

पेट्रोलचा बोळा फिरवून गाडी जोडली. चार दिवस ती बरी चालली. मग समोरच्या फलकावर पिवळा दिवा लागला. पेरणीच्या गडबडींत त्याकडे कोणी लक्ष दिलें नाहीं. पुढें एके रात्रीं बंधूंच्या सुनेस बाळंतपणासाठीं गंगाखेडला नेत असतां चढावर गाडीनें दम सोडला. ॲक्सिलरेटर पुरा दाबला तरी ती बैलगाडीच्या चालीनें सरकूं लागली. बाहेर पाऊस, आंत कळा देणारी बाई, आणि मागें बसलेली तिची सासू एकसारखी देवीचें नांव घेत होती. शेवटीं १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी लागली. रेणुकामातेच्या कृपेनें बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत. नंतर गाडी उघडून पाहिली तों चकती फिरविणाऱ्या मोटारीचें प्लॅस्टिकचें दांतेरी चक्र तुटलेलें आढळलें. जी वस्तु पुसून भागणार होती, ती आतां खरोखरच बदलावी लागली.

या प्रकाराचा दोष मी त्या मिस्त्रींवर टाकीत नाहीं. गॅरेजवाल्यानें न पाहतां बदलण्यास सांगितलें, मिस्त्रींनीं न विचारतां हात घातला, आणि मीं न कळतां हुकूम दिला. चूक एकच होती. कोणीहि आधीं पंचनामा केला नाहीं. महसुलांतला साधा शिपाईहि जाणतो कीं, शेतांत नुकसान किती झालें हें जागेवर जाऊन पाहिल्याखेरीज कागदावर आंकडा मांडावयाचा नसतो. तोच नियम मोटारीस लागू आहे, असें माझें मत आहे. आणि हा नियम पाळल्यास थ्रॉटल बॉडीची साधी सफाई कोणाहि सावध शेतकऱ्यास आपल्या अंगणांत करतां येते.

आतां ही वस्तु काय आहे तें पाहूं. पेट्रोलच्या इंजिनास इंधनाइतकीच हवा लागते. एअर फिल्टरमधून गाळून आलेली हवा ज्या तोंडानें इंजिनांत शिरते, त्या तोंडाशीं एक गोल चकती आडव्या दांड्यावर बसविलेली असते. चकती उघडली कीं हवा अधिक जाते, मिटली कीं कमी. मोटेच्या पाण्यास थारोळ्यापुढें दारें धरावीं, तसाच हा प्रकार. ही चकती व तिचें घर मिळून जी वस्तु होते ती थ्रॉटल बॉडी.

जुन्या गाड्यांत ही चकती तारेनें ॲक्सिलरेटरला बांधलेली असे. पाय दाबला कीं तार ओढली जाई. शेठ वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीची पद्मिनी गाडी मुंबईच्या कुर्ला येथील कारखान्यांत तयार होत असे. तिच्या कार्बोरेटरचा स्क्रू पेचकसानें अर्धा आटा फिरविला कीं मंद चाल वाढे किंवा उतरे. ज्या पिढीनें या गाड्या दुरुस्त केल्या, तिच्या बोटांना जोर व अंदाज या दोन्हींची संवय होती, आणि त्या यंत्रास ती मानवतहि असे. तो काळ आतां संपला. मुंबईच्या रस्त्यावरील शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्यें मुदत संपून बंद झाली. १ एप्रिल २०२० पासून सबंध देशांत भारत स्टेज सहाचे धुराचे नियम लागू झाले असून, आजच्या पेट्रोल मोटारींत पाय आणि चकती यांच्यामध्यें तार उरलेली नाहीं.

मग चकती फिरते कशी? पायाखालच्या पट्टीस दोन सेन्सर असतात. पाय किती दाबला हें ते विजेच्या दाबानें गाडीच्या संगणकास कळवितात. संगणक हिशेब करून चकतीजवळच्या छोट्या विजेच्या मोटारीस हुकूम देतो आणि ती बारीक दांतेरी चक्रांच्या द्वारें चकती फिरविते. चकती खरोखर किती फिरली हें सांगण्यासाठीं तेथेंहि दोन सेन्सर बसविलेले असतात. दोघांची साक्ष जुळली नाहीं कीं संगणक संशय घेतो, पिवळा दिवा लावतो, आणि गाडीस जेमतेम घरीं पोंचेल एवढीच ताकद देतो. त्या रात्रीं आमची गाडी चढावर सरकत होती ती याच कारणानें. त्यास बिघाड म्हणण्यापेक्षां यंत्राची सावधगिरी म्हणावी. चकती जागची हलते कीं नाहीं याचा भरंवसा नसतां गाडी पळूं देणें हेंच अधिक घातक.

वीज बंद असतां स्प्रिंगा ही चकती किंचित्‌ उघडी धरून ठेवतात. मंद चालींत मात्र ती जवळजवळ मिटलेली असून तिच्या कडेला चंद्रकोरीएवढी फट राहते, आणि तेवढ्याच हवेवर इंजिन चालतें. आतां इंजिनाच्या पोटांतून तेलाची वाफ पुन्हा हवेच्या वाटेंत सोडलेली असते, कारण ती बाहेर सोडण्यास कायद्यानें मनाई आहे. ही तेलकट वाफ आणि फिल्टर चुकवून आलेली बारीक धूळ मिळून चकतीच्या कडेवर काळा चिकट थर बसतो. उघड्या रस्त्यावर चकती बरीच उघडलेली असतां या थराचा त्रास जाणवत नाहीं. पण मंद चालींत चंद्रकोरच बुजूं लागते. संगणक प्रथम चकती थोडी अधिक उघडून भरपाई करीत राहतो, म्हणून पहिलीं वर्षे कांहींच कळत नाहीं. भरपाईची सीमा संपली कीं गाडी थरथरूं लागते.

आपल्या काळ्या जमिनीच्या मुलखांत ही पाळी लवकर येते असें माझें निरीक्षण आहे. सोयाबीनचें मळणीयंत्र चालूं असतां त्याच्या वाऱ्याखालीं गाडी उभी करणें, कापसाच्या गाड्यांमागून धुरळ्यांत जाणें, आणि एअर फिल्टर केवळ झटकून वर्षानुवर्षे वापरणें या आपल्या संवयी त्यास कारण आहेत. फिल्टरची पेटी नीट न लागल्यास धूळ गाळलीच जात नाहीं. म्हणून थ्रॉटल बॉडी पुसण्याआधीं फिल्टर पाहावा. तो बदलण्याचा खर्च अल्प आणि लाभ मोठा आहे.

येथें एका गैरसमजाचा उल्लेख अवश्य करावासा वाटतो. पेट्रोलमध्यें इथेनॉल मिसळल्यामुळेंच ही काजळी धरते, असें पारावर बोललें जातें. देशांत इथेनॉलचें प्रमाण २०२५ सालीं वीस टक्क्यांपर्यंत गेलें, आणि आपल्यापैकीं अनेकांचा ऊस त्या धंद्याशीं जोडलेला आहे. तेव्हां खरें काय तें समजून घेतलें पाहिजे. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्यांवर इथेनॉलचा काय परिणाम होतो, ही चर्चा निराळी. परंतु आपल्याकडील बहुतेक पेट्रोल मोटारींत इंधनाचा फवारा चकतीच्या पुढें, इंजिनाच्या बाजूस उडतो. पेट्रोल चकतीवरून जातच नाहीं. म्हणून तेथील काजळीचा दोष इथेनॉलकडे जात नाहीं. आणि त्याच कारणानें टाकींत ओतण्याच्या ज्या औषधी बाटल्या पंपावर विकावयास ठेवितात, त्यांनीं ही चकती स्वच्छ होणेंहि शक्य नाहीं. जें औषध रोगाच्या जागेवर पोंचत नाहीं, त्यास पैसे देऊं नयेत.

आतां पंचनामा कसा करावा तें सांगतों. गाडी थांबली असतां थरथरते आणि पळतांना ठीक चालते, तर थ्रॉटल बॉडीचा संशय रास्त आहे. परंतु ती चढावर ओझें ओढतांनाहि डचके देत असेल, म्हणजे मिस्त्री लोकांच्या भाषेंत ‘मिसिंग’ मारीत असेल, तर प्लग किंवा इग्निशन कॉइल यांकडे पाहावें. इंजिनाचा पिवळा दिवा नुसता पेटलेला न राहतां लुकलुकत असेल तर गाडी पळवूं नये. न जळालेलें पेट्रोल धुराड्यांतील किमती कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाळून टाकतें. नळीला चीर पडून बाहेरची हवा आंत ओढली जात असेल तरी मंद चाल बिघडते, आणि तेव्हां बहुधा सूं असा आवाज कानीं येतो. इंजिन ज्या रबरी पायांवर बसलेलें असतें ते फाटले तरी गाडी थरथरते. त्यास काजळीचें औषध लागू पडत नाहीं.

स्टिअरिंगच्या खालच्या बाजूस एक खांचा असतो. त्यांत वाचक-यंत्र, ज्यास स्कॅनर म्हणतात, जोडलें असतां संगणकानें केलेली नोंद वाचतां येते. पी ०१७१ ही खूण इंधनाच्या मानानें हवा जास्त झाल्याची, पी ०३०० ही मिसिंगची, आणि पी २१३५ ही चकतीच्या दोन सेन्सरांची साक्ष न जुळल्याची आहे. ही शेवटची खूण दिसल्यास पुसण्याच्या भरीस पडूं नये. तें काम जाणकाराचें. कोणतीहि खूण पुसून टाकण्यापूर्वीं ती कागदावर लिहून ठेवावी. नोंद आधीं, दुरुस्ती मागाहून.

पंचनाम्यांत काजळी हेंच कारण ठरलें तर सफाई पुढीलप्रमाणें करावी. गाडी हमीच्या मुदतींत असेल तर मात्र हात न लावतां ती कंपनीच्या कार्यशाळेंत न्यावी. तसेंच गाडीबरोबर आलेलें पुस्तक वाचावें. कांहीं गाड्यांच्या थ्रॉटलच्या आंतून कारखान्यांतच एक लेप दिलेला असतो व ‘पुसूं नये’ अशी चिठ्ठी वर लाविलेली असते. तेथें पुस्तकाचा शब्द शेवटचा मानावा, माझा नव्हे.

इंजिन पूर्ण थंड असावें. जागा उघडी व सपाट असावी, हँडब्रेक ओढावा. चावी काढून खिशांत ठेवावी, आणि बटणानें चालू होणारी गाडी असल्यास तिची चावी घरांत दूर ठेवावी. कांहीं मिनिटें थांबून बॅटरीची मायनस तार आधीं सोडावी. असें केल्यानें घड्याळ व रेडिओ यांची जुळणी जाते, पण चकती अचानक मिटून बोट सांपडण्याचें भय उरत नाहीं. ती छोटी मोटार दिसावयास क्षुल्लक असली तरी तिची पकड बोट चिरडण्याजोगी असते.

नळी काढण्याआधीं भोंवतालची धूळ ओल्या फडक्यानें पुसावी. नाहींतर सफाईच्या नांवानें मातीच आंत जावयाची. मग क्लिप सैल करून नळी अलगद बाजूस करावी. नळीवर हवा मोजणारा सेन्सर असल्यास त्यास हात लावूं नये व त्यावर फवाराहि मारूं नये. त्याची तार नाजूक असते आणि त्याचें औषध वेगळें मिळतें. टॉर्चच्या उजेडांत चकतीच्या कडेला काळें कडें दिसेल. तें दिसलें नाहीं तर नळी परत लावावी व कारण दुसरीकडे शोधावें. घरचें माणूस स्वच्छ असतां चोर म्हणून त्यास झोडपण्यांत अर्थ नाहीं.

सफाईसाठीं ‘थ्रॉटल बॉडी क्लीनर’ असें ज्यावर लिहिलें आहे तोच डबा घ्यावा. कार्बोरेटरचा क्लीनर किंवा ब्रेकचा क्लीनर अधिक जहाल असून लेप व रबर यांस बाधतो. पेट्रोल, रॉकेल व थिनर हीं तर वर्ज्यच. फवारा नळीच्या घशांत सरळ न मारतां धागे न सुटणाऱ्या फडक्यावर मारावा आणि त्या फडक्यानें कडें पुसावें. आपल्याकडे हातास सहज लागणारा सरकीचा कापूस येथें कामाचा नाहीं. त्याचे तंतु आंत ओढले जातात. हट्टी काजळीस मऊ टूथब्रश चालेल. तारेचा ब्रश, सँडपेपर, ब्लेड व पेचकस यांची सावलीहि चकतीवर पडूं देऊं नये. दांड्याच्या दोन्ही टोंकांस व मोटारीच्या डबीकडे औषध झिरपूं देऊं नये, कारण तेथेंच सेन्सर आहेत.

चकतीची मागची बाजू पुसण्यासाठीं ती थोडी उघडावी लागते. वीज तुटलेली असतांना, आणि पुस्तकांत मनाई नसेल तरच, ती एका बोटानें हळूंच लोटावी व हळूंच परत येऊं द्यावी. स्प्रिंगेपेक्षां जास्त विरोध जाणवला तर तेथेंच थांबावें. मागची काजळी फार असेल तर सबंध भाग उतरवून पुसणें बरें; परंतु त्यास नवें पॅकिंग लागतें व बोल्ट समोरासमोर सारखे आवळावे लागतात, म्हणून तें काम चांगल्या मिस्त्रीकडे द्यावें. उतरविलेला भाग औषधांत बुडवून ठेवणें ही तर शुद्ध नासधूस होय.

आगीविषयीं दोन शब्द. हें औषध पेट घेतें. जवळ विडी-काडी नसावी, डोळ्यांस चष्मा व हातांस मोजे असावे. वापरलेलें फडकें कडब्याच्या गंजीजवळ किंवा कापसाच्या खोलींत फेंकूं नये. उघड्या हवेंत वाळूं द्यावें. उरलेला डबा उन्हांत तापणाऱ्या गाडींत ठेवूं नये. एका मोटारीची मंद चाल सुधारतां सुधारतां वर्षाचा चारा गमावणें परवडणार नाहीं.

सर्व वाळल्यावर नळी जशीच्या तशी बसवावी व क्लिप आवळावी. मग बॅटरी जोडावी. येथें पुष्कळ लोक घाबरतात, कारण सफाईनंतर गाडी पहिल्यानें चटकन्‌ सुरू होत नाहीं, किंवा सुरू होऊन नको तेवढी रेस घेते. याचें कारण मला आमच्या दप्तराच्या भाषेंत सांगणें सोपें जातें. काजळी असतांना चकती किती उघडावी याची नोंद संगणकाच्या वहींत झालेली असते. काजळी गेली, पण नोंद जुनीच राहिली, म्हणून हवा जास्त जाते. जमीन विकली गेली तरी फेरफार होईपर्यंत सातबाऱ्यावर जुनें नांव दिसतें, तसेंच हें आहे. फेरफार करण्याची रीत प्रत्येक गाडीची निराळी असून ती पुस्तकांत दिलेली असते. पुष्कळ गाड्यांत इंजिन सुरू न करतां चावी कांहीं सेकंद चालू ठेवून बंद करावी लागते. मग ॲक्सिलरेटरला पाय न लावतां इंजिन पुरतें तापेपर्यंत मंद चालींत ठेवावें, आणि ए. सी. चालू व बंद करून पाहावा. कांहीं गाड्यांस याकरितां स्कॅनरच जोडावा लागतो. यानंतरहि रेस उतरली नाहीं तर नळी कोठें सैल राहिली आहे काय तें पाहावें. चाल बिघडलेली गाडी रस्त्यावर नेऊं नये. कारण धांवत असतां इंजिन बंद पडलें म्हणजे स्टिअरिंग जड होतें आणि ब्रेकची मदत दोन-चार दाबांत संपते.

कोणत्या गाड्यांस हें लागू नाहीं, तेंहि सांगणें अवश्य आहे. ट्रॅक्टर व डिझेलच्या जीप यांची रचना वेगळी असल्यानें त्यांच्या थरथरण्याचीं कारणें निराळीं असतात. वरील कृति त्यांवर करूं नये. सी. एन. जी.वर चालणाऱ्या मोटारी मूळच्या पेट्रोल इंजिनाच्या असल्यामुळें त्यांस हें लागू पडतें. २०२० नंतरच्या पुष्कळशा दुचाकींस फवाऱ्याचें इंजिन आलें आहे, तरी साध्या दुचाकींत चकती बहुतेक अद्याप तारेनेंच फिरते.

कांहीं वृद्ध वाचक म्हणतील, तार काढून वीज आणली हेंच मुळीं चुकलें. तारेची गाडी आपल्या पायाच्या ताब्यांत असे. हा संशय आपल्यालाच आला असें नव्हे. २००९-१० च्या सुमारास अमेरिकेंत टोयोटा कंपनीच्या मोटारी आपोआप वेग घेतात अशी मोठी ओरड झाली व लक्षावधि गाड्या कंपनीस परत बोलवाव्या लागल्या. लोकांचा रोख विजेच्या थ्रॉटलवर होता. तेथील सरकारनें तर्कावर निकाल न देतां अवकाश-संशोधन करणाऱ्या नासा या संस्थेकडून तपास करविला. फेब्रुवारी २०११ मध्यें अहवाल आला. धोकादायक वेगाचा दोष विजेच्या रचनेंत सांपडला नाहीं. पायाखालची चटई पट्टीवर चढून बसणें आणि पट्टी चिकटणें हीं यंत्रांतील कारणें मात्र आढळलीं. एवढ्या मोठ्या प्रकरणांतहि पंचनाम्यानें दृष्टि संगणकावरून चटईकडे वळविली. आपणहि गाडीच्या चटईवर दुसरी चटई टाकीत असतों. ती आजच तपासावी.

दुसरा आक्षेप असा येईल कीं, शेतकऱ्यानें सर्वच कामें घरीं केलीं तर मिस्त्रीनें खावें काय? माझें म्हणणें मिस्त्रीस टाळण्याचें नाहीं. ज्यानें तपासून खरें कारण सांगितलें, त्यास तपासणीची मजुरी आनंदानें द्यावी, मग त्यानें एकहि भाग बदललेला नसो. आपण केवळ भाग बदलल्याचे पैसे देतों आणि पाहण्याचे देत नाहीं. म्हणून पाहणें मागें पडलें आणि बदलणें पुढें आलें. यांत गॅरेजवाल्याइतकाच दोष आपल्या पदरींहि येतो.

शेवटीं आपल्या संघास माझ्या तीन सूचना आहेत. फवारणीचे पंप जसे सभासदांस भाड्यानें मिळतात, तसा एक स्कॅनर संघाच्या भांडारांत असावा. त्याची किंमत एका सभासदास जड वाटली तरी संघास वाटूं नये. वर्षांतून एकदां, उन्हाळ्यांत कामें संपल्यावर, जाणकार मिस्त्री बोलावून प्रात्यक्षिक ठेवावें, आणि त्यास आपल्या गांवचे जुने मिस्त्रीहि आदरानें बोलवावे. त्यांच्या हातीं कसब आहे, नव्या यंत्राची ओळख तेवढी उणी आहे. आणि कोणताहि महाग भाग बदलण्यापूर्वीं दोषाची खूण कागदावर लिहून मागावी व काढलेला भाग परत मागावा, असा ठराव सभासदांनीं आपसांत करावा.

त्या जुन्या मिस्त्रींची व माझी अलीकडे पुन्हा गांठ पडली. झाल्या प्रकारानें ते माझ्याइतकेच खजील होते. मीं त्यांच्यापुढें गाडीचें पुस्तक ठेविलें. त्यांस इंग्रजी वाचतां येत नाहीं, मला जेमतेम येतें; दोघांनीं मिळून चित्रांवरून दुसऱ्या एका गाडीची चकती पुसली. बॅटरीची तार त्यांनीं स्वतः आधीं सोडली, आणि पेचकस काढून मजजवळ दिला. गाडी मंद चालींत स्वस्थ उभी राहिली. त्यांनीं मजुरी घेण्याचें नाकारलें. मीं ती आग्रहानें दिली. बंधूंची नात आतां चालूं लागली आहे, आणि घरच्या गाडीचा पिवळा दिवा लागला कीं आधीं कामें थांबतात. वाचकांनींहि आपापल्या दारच्या गाडीविषयीं एवढें करावें, ही विनंती.